ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी : 'स्कॉर्चिंग' या एका शब्दावर घासून बघितलेला रिव्ह्यू

भुसावळला राहते आणि घरूनच इंग्रजीतून मराठी भाषांतराची कामं करते. फवारणीच्या औषधांची लेबलं, खतांची माहितीपत्रकं, कधी बातम्या, कधी सबटायटल्स, जे येईल ते. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा तरी डिक्शनरीत डोकं घालावं लागतं, त्यामुळे ती चांगली असणं माझ्यासाठी हौसेची गोष्ट नाही, पोटापाण्याची आहे. ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी मी बरीच वर्षं रोज वापरतेय, एक जाडजूड छापील प्रत आणि तिची फुकट वेबसाईट, दोन्ही. सगळ्या शब्दांबद्दल लिहीत बसले तर संपायचंच नाही, म्हणून एकच शब्द घेते, स्कॉर्चिंग. ह्याच शब्दापायी मी ही डिक्शनरी घेतली. आणि मे महिन्यात भुसावळला बसून लिहितेय म्हटल्यावर दुसरा कुठला शब्द घेणार.

झालं असं की आधी मी फोनमधलं एक इंग्लिश-मराठी ॲप वापरायचे. एका औषधाच्या लेबलवर ओळ होती, भर उन्हात फवारलं तर पानांचं स्कॉर्चिंग होऊ शकतं. ॲपने स्कॉर्चिंगपुढे दोन शब्द दिले, 'प्रखर' आणि 'कडक'. आता हे दोन्ही उन्हाला लागतात, पानाला लावून काय करणार? रात्रीचे साडेअकरा वाजलेले, सकाळी फाईल द्यायची होती, मी आपलं डोकं चालवलं आणि लिहिलं 'पानांवर करपा येऊ शकतो'. मनात म्हटलं करपणं म्हणजेच करपा, झालं काम.

सकाळी पाठवायच्या आधी आप्पांना फोन केला. आप्पा म्हणजे माझे वडील, रावेर तालुक्यात आमची केळी आहे. शेतीचं काही भाषांतर असलं की मी त्यांना वाचून दाखवते, ही सवय फार कामाची आहे. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "थांब थांब, परत वाच." परत वाचलं. तर म्हणे, "अगं, करपा हा रोग झाला. सिगाटोका. असं लिहिलंस तर माणूस पळत जाईल दुकानात करप्याचं औषध आणायला. उन्हानं पान जळलं तर पान करपलं म्हणतात, करपा आला म्हणत नाहीत."

एका काना-मात्रेचा फरक, पण लेबल वाचणाऱ्या शेतकऱ्याचे पैसे गेले असते, फवारणीवर फवारणी झाली असती आणि ते औषध पुन्हा भर दुपारी मारलं असतं तर उरलेली पानंही गेली असती. मी घाबरलेच. त्या रविवारी मळ्यात गेले तेव्हा आप्पांनी दोन पानं हातात दिली. करप्याच्या पानावर बारीक पिवळट रेघा आणि ठिपके होते, काही ठिपके मोठे होऊन मधे राखाडी पडलेले, कारण ती बुरशी आहे. उन्हाने करपलेलं पान बघितलं तर पार वेगळं. कडेकडेने तपकिरी, कागदासारखं कोरडं, दोन बोटांत धरून चोळलं की चुरा. मधला भाग हिरवागार. पानाच्या कडेपर्यंत पाणी पोचायच्या आधीच ऊन आणि गरम वारा ते शोषून घेतात म्हणून कड आधी जाते, असं आप्पा म्हणाले आणि बांधावरच्या शेवरीकडे बोट दाखवलं, ती लावतातच तो वारा अडवायला.

मग पुण्याला गेले तेव्हा अप्पा बळवंत चौकातून ही डिक्शनरी आणली, जुनी, वापरलेली, 2010 ची आठवी आवृत्ती. दुकानातच उभी राहून पहिला शब्द बघितला तो स्कॉर्च. आणि अक्षरशः तिथेच पैसे काढून दिले. क्रियापदाचे अर्थ वेगवेगळे करून दिलेत, एक म्हणजे जास्त गरम होऊन एखाद्या वस्तूचा पृष्ठभाग थोडासा जळून खराब होणं, दुसरा उन्हाने किंवा केमिकलने कोरडं आणि तपकिरी पडणं, आणि तिसरा ब्रिटिश बोलण्यातला, सुसाट जाणं. दुसरा अर्थ वाचला आणि मला आप्पांच्या हातातलं पान दिसलं. कोरडं आणि तपकिरी. उन्हाने किंवा केमिकलने. माझं लेबल होतं ते!

पहिल्या अर्थातला 'पृष्ठभाग' आणि 'थोडासा' हे दोन शब्द पण फार महत्त्वाचे आहेत हं. स्कॉर्च म्हणजे जळून खाक नाही. शर्टावर इस्त्री जरा जास्त वेळ राहिली की तो त्रिकोणी पिवळट डाग पडतो बघा, कापड फाटत नाही, भोक पडत नाही, पण शर्ट गेला तो गेलाच, तो स्कॉर्च. आपण त्याला कापड पोळलं म्हणतो. भाकरी करपते, दूध बुडाला लागतं, फोडणी जळते, कोळशाजवळ केस होरपळतात, आपल्या स्वयंपाकघरात प्रत्येकाला वेगळं क्रियापद आहे आणि इंग्रजीत ह्यातल्या निम्म्या ठिकाणी स्कॉर्च चालून जातं. म्हणूनच एका शब्दाला एक मराठी शब्द असं देणारं ॲप इथे कामाचं नाही. मराठीत आधी विचारावं लागतं, काय जळलं?

ह्या डिक्शनरीचं मूळच त्यात आहे. ए. एस. हॉर्नबी नावाचा इंग्रज जपानमध्ये इंग्रजी शिकवायचा, तिथल्या मुलांना साधी इंग्लंडची डिक्शनरी पुरत नाही हे बघून त्याने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी नवीन बनवली, ती 1942 साली टोकियोत निघाली आणि मग 1948 मध्ये ऑक्सफर्डने छापली. म्हणजे ही पहिल्यापासून इंग्रजी ज्यांची मायबोली नाही त्यांच्यासाठीच आहे. अर्थ सांगायला सोपे, ठरावीक शब्द वापरतात, आणि प्रत्येक अर्थाखाली वाक्यं. ती वाक्यं म्हणजे खरा खजिना आहे, माझा भाचा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो त्याला मी हेच सांगते की अर्थ नंतर वाच आधी खालची वाक्यं वाच, शब्द कोणाच्या सोबत हिंडतो ते कळलं की अर्थ आपोआप कळतो.

उदाहरणार्थ स्कॉर्चिंगच्या आधी 'व्हेरी' लावत नाहीत. ते आधीच टोकाचं विशेषण आहे, लावायचंच तर 'ॲब्सोल्यूटली' लावतात. भाच्याला हे पटेना, मी म्हटलं आपण मराठीत 'खूप रणरणतं ऊन' म्हणतो का? नाही म्हणत, रणरणतं म्हटलं की झालं. तेव्हा त्याच्या डोक्यात बसलं. वेबसाईटवर उच्चार ऐकता येतो, ब्रिटिश आणि अमेरिकन वेगवेगळा, आणि ब्रिटिश उच्चारात तो मधला र जवळजवळ ऐकूच येत नाही, 'स्कॉचिंग'सारखं वाटतं. ऐकल्याशिवाय हे कळायचं नाही, आम्ही शाळेत तो र चांगला दणकून म्हणायचो.

आता उन्हाबद्दल. ह्या विषयावर मला फार वाटतं, कारण बातम्यांच्या भाषांतरात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. इंग्लंडच्या बातमीत 'स्कॉर्चिंग' आलं की आपले लोक डोळे झाकून 'रणरणतं ऊन' लिहितात. पण त्या शब्दाचं घर कुठे आहे बघा की. तिथल्या हवामान खात्याच्या हिशेबाने 25 ते 28 डिग्री (भागानुसार आकडा बदलतो) सलग तीन दिवस राहिलं की उष्णतेची लाट. पंचवीस! आमच्याकडे जानेवारीत दुपारी एवढं असतं आणि म्हाताऱ्या बायका शाल घेऊन बसतात. आपल्या हवामान खात्याला मैदानी भागात आधी निदान 40 तरी लागतात आणि वर नेहमीपेक्षा साडेचार डिग्री जास्त लागतं, किंवा मग सरळ 45. तिथे 28-30 डिग्रीलासुद्धा पेपरवाले 'स्कॉर्चर' म्हणतात, म्हणजे मस्त कडक उन्हाचा दिवस, लोक बीचवर जातात, आईस्क्रीम खातात, आनंदाचा शब्द आहे तो! त्याचं 'रणरणतं ऊन' केलं की मराठी वाचकाच्या डोळ्यासमोर ओस पडलेला रस्ता आणि डोक्याला उपरणं गुंडाळलेला माणूस येतो. बातमी उलटी झाली ना मग.

अर्थात 19 जुलै 2022 ला लिंकनशायरमधल्या कॉनिंग्सबीला 40.3 झालं, ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच चाळिशी ओलांडली, त्या वेळचं स्कॉर्चिंग खरंच जाळणारं होतं. आदल्या दिवशी लुटन विमानतळाच्या धावपट्टीचा पृष्ठभाग उन्हाने खराब झाला होता, विमानं थांबवली होती. त्यांच्याकडे घरं थंडीसाठी बांधलेली, पंखे नाहीत, म्हातारी माणसं सवय नसलेली, तेव्हा 'आमच्याकडे रोजच असतं' म्हणून हसायचं कारण नाही. तिथे मी बिनधास्त 'होरपळ' लिहिते. म्हणजे शब्द तोच, पण तारीख आणि आकडा बघून मराठी शब्द बदलायचा.

इंग्रजीत उन्हाळ्याला बरेच शब्द आहेत आणि ही डिक्शनरी त्यांच्यातला फरक चांगला दाखवते. स्वेल्टरिंग म्हणजे घामाने जीव नकोसा होणारं, मुंबईचा उकाडा. त्याचं मूळ जुन्या इंग्रजीतल्या 'मरणे' अर्थाच्या क्रियापदात आहे, मुंबईच्या मे महिन्यातल्या लोकलमध्ये उभं राहिलेल्या कोणालाही हे सांगावं लागणार नाही. स्कॉर्चिंगचं नातं बहुतेक जुन्या नॉर्डिक भाषेतल्या सुकून आक्रसण्याच्या शब्दाशी लावतात (ही मुळांची माहिती मोठ्या कोशांतली हं). म्हणजे कोरडी आग, घाम यायच्या आधीच वाळवून टाकणारी. खान्देश आणि विदर्भाचं ऊन ते हेच. मुंबईच्या 35 ला स्कॉर्चिंग म्हणवत नाही आणि भुसावळच्या 45 ला उकाडा म्हणवत नाही. आमच्याकडचे शब्द बघा, तलखी, काहिली, झळा, धग, चटका, टळटळीत दुपार, वैशाख वणवा, आणि 25 मेच्या सुमाराला सूर्य रोहिणीत गेला की नऊ दिवसांचा नवतपा. नवतप्याला इंग्रजी शब्द नाही, मी सबटायटलमध्ये एकदा प्रयत्न केला आणि शेवटी नवतपाच ठेवला.

खरी मजा मात्र पुढे आहे, लाक्षणिक अर्थात, आणि इथे मी ह्या डिक्शनरीला पूर्ण मार्क देते. स्कॉर्चिंगचा दुसरा अर्थ वेगळा काढून दिलाय, जोरदार, जहाल, टीकेच्या बाबतीत वगैरे. मराठीत बरोब्बर तसंच आहे, 'जळजळीत टीका'. हे वाचून मला फार बरं वाटलं, दोन भाषा एकमेकींपासून इतक्या लांबच्या असूनही रागाला दोघींनीही आगीचाच शब्द दिला. पण लगेच पुढे रस्ते फुटतात. इंग्रजीत आग वेगाकडे जाते. स्कॉर्चिंग पेस म्हणजे जीवघेणा वेग. 1890 च्या दशकात सायकलचं वेड आलं तेव्हा रस्त्यावरून बेफाम सायकल मारणाऱ्याला 'स्कॉर्चर' म्हणायचे, न्यूयॉर्कच्या पोलिसांनी तर 1895 मध्ये अशा पोरांना पकडायला सायकलवरचं पथक काढलं होतं, थिओडोर रूझवेल्ट तेव्हा तिथे पोलिसांचे वरिष्ठ होते. आपल्याकडे वेग कधी तापत नाही. आपला वेग वाऱ्याचा असतो, तुफान, सुसाट, भन्नाट. क्रिकेटमधला स्कॉर्चिंग ड्राईव्ह मराठीत 'सणसणीत' होतो, आणि सणसणीतमध्ये ऐकू येतो तो बॉलचा आवाज, आग कुठेच नाही. म्हणून 'जळजळीत चौकार' असं कोणी लिहिलं की मला रडू येतं.

आणि आपली आग जाते दुःखाकडे. 'मनाला चटका लावून गेला' हे आपण कोणाबद्दल म्हणतो? जो अकाली गेला त्याच्याबद्दल. तरुण माणूस गेला की शोकसंदेशात हे वाक्य येतंच. उन्हाचा चटका आणि हा चटका शब्द एकच, पण इंग्रजीत स्कॉर्चिंग ह्या रस्त्याला सहसा जातच नाही. तसंच होरपळणं. दुष्काळात होरपळलेलं गाव, कर्जात होरपळलेलं घर. ह्यात ना राग आहे ना वेग, नुसतं सोसणं आहे. पोळणं आणखी वेगळं, पोळलेला माणूस शहाणा होतो, दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितो. मी ह्या डिक्शनरीत हे शोधत नाही, ते तिचं कामच नाही, पण इंग्रजी शब्दाची हद्द तिने इतकी स्पष्ट आखून दिली म्हणून मला मराठीची हद्द दिसली, नाहीतर चटका आणि स्कॉर्चिंग वेगवेगळ्या वाटेने जातात हे मला आयुष्यात सुचलं नसतं.

ह्याच पानावर 'स्कॉर्च्ड अर्थ' आहे, सैन्य मागे हटताना शत्रूच्या उपयोगाचं सगळं जाळून टाकतं ते धोरण. आधीच्या ॲपने ह्याचं 'जळालेली पृथ्वी' केलं होतं. मराठीत नीट शब्द आहे, दग्धभू. इंग्रजीत हा शब्दप्रयोग 1937 च्या सुमाराला चीन-जपान युद्धाच्या बातम्यांतून आला, चिनी शब्दाचं भाषांतर होऊन. पण प्रकार आपल्याकडे खूप आधीचा आहे. 1778 च्या अखेरीस कंपनीची फौज मुंबईहून घाट चढून पुण्यावर निघाली तेव्हा मराठ्यांनी वाटेवरचा दाणागोटा त्यांच्या हाती लागूच दिला नाही, जानेवारी 1779 मध्ये तळेगावला पोचले तर तिथे खायला काही नाही, शेवटी माघारी फिरावं लागलं आणि वडगावला महादजी शिंद्यांच्या फौजेने घेरून तह करायला लावला. लोकलने किंवा हायवेने पुण्याला जाताना वडगाव मावळ लागतं तेच. एकदा एका बिझनेसच्या बातमीत कंपन्यांच्या भांडणाला 'स्कॉर्च्ड अर्थ' म्हटलं होतं, तिथे दग्धभू लिहिलं तर कोणाला कळलं नसतं, मी 'तुलाही नाही मलाही नाही, घाल कुत्र्याला' ह्या म्हणीवर नेऊन ठेवलं आणि संपादकांनी तसंच छापलं.

आता वापरायचं कसं ते सांगते. मराठी अर्थ ह्यात मिळणार नाहीत, सगळं इंग्रजीतून इंग्रजीत. त्यामुळे ज्यांचं इंग्रजी अजून अगदी पहिल्या पायरीवर आहे त्यांनी आधी शाळेची साधी इंग्रजी-मराठी डिक्शनरी घ्यावी, दहावी-बारावीच्या पुढच्यांना ही. मराठीसाठी मी बाजूला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडून ठेवते, त्याची 1857 ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या साईटवर फुकट आहे, त्यात असे जुने जळण्या-करपण्याचे शब्द ढिगाने सापडतात. उलटं जायचं, म्हणजे मनात आलेला मराठी शब्द तिथे बघायचा आणि इंग्रजी अर्थ इथल्याशी जुळवायचा. वेळ जातो पण चूक होत नाही. आणि शेतीचं असेल तर तिसरा कोश म्हणजे आप्पा, त्याला पर्याय नाही. तुमच्याकडेही कोणीतरी असेल, मामा, काका, आजी, त्यांना फोन करा.

फुकट वेबसाईट असताना छापील कशाला असं भाचा विचारतो. मला छापील लागतेच, कारण स्कॉर्च बघताना त्याच पानावर नजर स्कोअर, स्कॉर्न, स्कॉर्पियन सगळ्यांवरून फिरते आणि दोन शब्द उगीच लक्षात राहतात, स्क्रीनवर जेवढं मागाल तेवढंच मिळतं. शिवाय आमच्याकडे मे महिन्यात दुपारी लाईट गेली की वायफाय पण जातं. अक्षर बारीक आहे, माझं वय पंचेचाळीसच्या पुढे गेलंय त्यामुळे मला आता चष्मा लावूनच वाचावं लागतं.

ते लेबल शेवटी असं गेलं : 'भर उन्हात फवारल्यास पानांच्या कडा करपतात. सकाळी लवकर किंवा सायंकाळी फवारावे.' आप्पांना वाचून दाखवलं, म्हणाले "आता कळलं."

माझ्या आठव्या आवृत्तीनंतर 2015 मध्ये नववी आणि 2020 मध्ये दहावी आवृत्ती आली, नवीन घेणार असाल तर दहावीच घ्या. मी माझी आठवीच ठेवलीय, नवे शब्द वेबसाईटवर बघते. जुनी घेणार असाल तर दुकानातच एस अक्षराची सगळी पानं आहेत ना ते चाळून बघा, फार मोठं अक्षर आहे आणि जुन्या प्रतीत बाईंडिंग साधारण तिथेच सुटतं. माझ्या प्रतीत तर डब्ल्यूच्या पुढची पानं सुटी होती, मी खळ लावून बसवून घेतली, अजून टिकलीत.